रजेचा अर्ज

कूलरच्या टाकीत पाणी ओतून मी मावशीसमोर बसलो आणि खिशातून अर्ज काढला. मावशी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली.

"आमच्या गोदामातल्या पोराचा आहे. रात्र रात्र झोप नाही, माल उचलता उचलता रडू येतं म्हणतो. कारण काय लिहू? खरं लिहिलं तर ठेकेदार पुढच्या महिन्यात त्याला घेणार नाही."

"मग ताप लिही ना. काऊन अडून राहिला?"

"मागच्या उन्हाळ्यातही दोघांचा तापच लिहिला मी. फाईल वाचणाऱ्याला वाटेल, इथे लोकांना फक्त ताप येतो."

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. "गोदाम पत्र्याचं ना?"

"त्याचं घरही पत्र्याचंच."

"२०२४ च्या मे महिन्यात आपल्याकडे एका यंत्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवते? हवामान खात्यानं दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहिलं, तेव्हा कळलं की सेन्सर बिघडला होता. तू बाकीच्या पोरांना विचारलं? हा एकटाच ५६ सांगत असेल तर याला तपासू. सगळेच सांगत असतील, तर हवाच तशी आहे. आमच्याकडे माणूस एकटा आत यायचा. १८६४ पासूनचं ते रुग्णालय, पण त्याचं गोदाम आणि त्याचा ठेकेदार फाटकाबाहेरच राहायचे."

"पण त्याच पत्र्याखाली दुसरा धडधाकट राबतो, मावशी. सगळं जागेवर ढकललं तर ज्याला खरंच औषध हवं, तो तसाच राहील. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामातून येणारी अवस्था म्हटलं. ठेकेदार म्हणेल, आजार नाही तर रजा कशाची?"

हा प्रश्न मला आजही छळतो. आजार म्हटलं की दोष माणसाच्या माथी येतो, आणि आजार नाही म्हटलं की त्याचा आधारच जातो.

मावशीनं उत्तर दिलं नाही. म्हणाली, "आज त्याला १४४१६ लावून दे. टेली-मानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात. औषध लागलं तर घेईल. अन् अर्ज त्याचा आहे, कारण त्यालाच विचार. गोदामाचं रजिस्टर तुझं आहे ना? ते तू खरं लिही."

"ठेकेदार तेही वाचेल."

"वाचू दे. तुझी नोकरी त्या पोराच्या नोकरीपेक्षा पक्की आहे."

दुसऱ्या दिवशी पोराला विचारलं. खाली बघत तो म्हणाला, "तापच लिहा साहेब." मी ताप लिहिला.

मग रजिस्टर उघडलं. दुपारी तीन वाजता, गोदामाच्या आत ४३ अंश. अकरापैकी सात जणांना आठवडाभर नीट झोप नाही. खाली माझी सही आहे.