नांदीतला नमस्कार

दिवाळीच्या आसपास आमच्या सांगलीत तालमींना जोर चढतो. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक इथेच केलं, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. भाव्यांच्या खेळात आधी गणपती रंगमंचावर यायचा, मग सरस्वती. सूत्रधार त्यांच्याकडे निर्विघ्नतेचा वर मागायचा. यातलं धाडस मला फार मोलाचं वाटतं: सोंग घेतलेला नट आशीर्वाद देतो आणि तो खरा मानून खेळ उभा राहतो.

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाआधी आम्ही हौशी मंडळी नटराजापुढे नारळ फोडतो. मी देव मानत नाही. तरी हात जुळतात, आणि ते खोटं नसतं. मग हा नमस्कार कुणाला? वारीत माणसं एकमेकांच्या पाया पडतात, समोरच्याचं वय किंवा लायकी न विचारता. तिसऱ्या घंटेआधी मी सहकलाकाराच्या पाया पडते, तेही तसंच. पुढचे दोन तास माझं प्रत्येक वाक्य त्याच्या भरवशावर असतं. श्रद्धेला देव लागतोच असं नाही, पण समोर कुणीतरी लागतं. घरी एकटीने संवाद पाठ करताना मला हात जोडावेसे कधीच वाटलेले नाहीत.