पाटी घे आणि हिशेब मांड

शुक्रवारी ऑफिसातून आल्या आल्या रात्री आठला निघायचं, पावणेचारशे-चारशे किलोमीटर मारून पहाटे तारकर्ली गाठायची आणि रविवारी रात्री परत पुण्यात. ऑगस्टातल्या शनिवार-रविवारचा हा बेत तू मला इतक्या कौतुकाने सांगितलास, आणि शेजारी तुझी आई बसली होती म्हणून मी गप्प राहिले. आता ती समोर नाही. कान उघडे ठेवून ऐक.

काळ, काम आणि वेगाची गणितं मी तुझ्याकडून घोटून घेतली होती. ती सगळी वाया गेली म्हणायची का? मोबाइलने आठ तास दाखवले आणि तू ते ब्रह्मवाक्य धरून बसलास. अरे, मोबाइल सांगतो तो वेळ चाकं फिरण्याचा. जेवायला थांबणं, पोराला घाटात होणारी उलटी, आईने पाय मोकळे करणं, यातलं काही त्यात धरलेलं नसतं. शुक्रवारी संध्याकाळी नवले पुलापासून खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत अर्धं पुणं रस्त्यावर उतरलेलं असतं. तुला ते ठाऊक आहे. ठाऊक असून हिशेबात घेतलं नाहीस, याचा मला जास्त राग आहे.

अर्धं अंतर ताशी ८० ने आणि अर्धं ताशी ४० ने कापलं तर सरासरी वेग किती? आठवीत तू ६० लिहिलं होतंस आणि मी लाल शाईने काट मारली होती. उत्तर ५३ येतं, कारण हळू चाललेल्या वाटेवर जास्त वेळ जातो. तीच चूक तू आज कुटुंबाला गाडीत बसवून करतो आहेस. पुणे ते कोल्हापूर २३० किलोमीटर, रस्ता मोठा. खंबाटकी, कऱ्हाडजवळची वळणं-वळवणं धरून चार तास. त्यापुढे गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, कणकवली, मालवण. हे अंतर जेमतेम दीडशे, पण वेळ तितकाच, चार तास. त्यात थांबण्याचे दोन मिळव. दहा झाले. जाऊन-येऊन वीस.

आता उरलं काय ते बघ. शनिवारी सकाळी सहाला पोहोचलास तर खोली दुपारी बारानंतर मिळणार. तोवर चौघंजण तोंड न धुता कुठल्यातरी हॉटेलच्या ओट्यावर बसणार. खोली मिळाली की तू आडवा होशील ते चार वाजेपर्यंत. रविवारी अकराला खोली सोडायची आणि फार तर दोनला निघायचं. रात्रीची झोप वजा कर. समुद्रासमोर जागेपणी मिळाले बारा-चौदा तास, आणि त्यासाठी वीस तास गाडीत. हा व्यवहार पाचवीतल्या पोराने मांडला असता तरी मी त्याला ओणवं उभं केलं असतं.

हे झालं वेळेचं. आता जिवाचं.

शुक्रवारी तू सकाळी सहाला उठणार. दिवसभर काम करून रात्री आठला चाकावर बसणार आणि करूळ घाटात शिरशील तेव्हा दोन वाजून गेलेले असतील. म्हणजे सलग वीस तास जागा. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं भान आणि हातापायांची चपळाई किती मंदावते, हे लोकांनी मोजून पाहिलेलं आहे. शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी. आपल्याकडे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की कायद्याने गुन्हा होतो. दारूच्या थेंबाला न शिवणारा तू, आई, बायको आणि मुलाला मागे बसवून त्या अवस्थेत घाट उतरणार. बाहेर ऑगस्टचा पाऊस, धुकं, कडेला दरडीचे दगड.

‘मला झोप येत नाही बाई, गाणी लावतो, चहा घेतो.’ हे बोलूच नकोस. पहाटे दोन ते पाच शरीर आपणहून झोपेकडे ओढतं, त्याला तुझी गाणी विचारत नाहीत. तीन-चार सेकंदांची डुलकी लागते आणि लागली हे लागलेल्याला कळतही नाही, डोळे उघडे असले तरी. ताशी ८० ने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. चार सेकंद म्हणजे जवळपास नव्वद मीटर. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं, तशी सहा-सात मैदानं तू झोपेत ओलांडणार.

एसटीच्या चालकाला एरवी दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त कामाला लावू नये, असं १९६१ च्या कायद्याने ठरवून दिलं. तो रोज तेच काम करतो, त्याचा हात बसलेला असतो, तरी ही मर्यादा. तू महिन्यातून दोनदा गाडी काढतोस आणि दहा तासांचा रात्रीचा प्रवास एकट्याने मारण्याच्या गोष्टी करतोस. कुणाच्या जोरावर?

आणि आईचं काय? तिने मला काय सांगितलं ते तुला माहीत नाही. प्रवास असला की ती दुपारपासून पाणी पिणं बंद करते. का, ते तू कधी विचारलंस? कोल्हापूर सोडलं की रात्री बाईमाणसाला जाता येईल अशी स्वच्छ जागा सापडत नाही, आणि ‘थांबव रे’ असं मुलाला सारखं सांगायला तिला जड जातं. गुडघे आखडलेले, पायांवर सूज, घसा कोरडा, अशी ती बाई दहा तास खिडकीला टेकून बसते आणि उतरल्यावर ‘छान झाला हो प्रवास’ म्हणते. तुला ते खरं वाटतं. तुझी बायको रात्रभर जागी राहते, कारण तुझ्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे असतं. तिची सुट्टी कुठे गेली?

परतीचं तर तू तोंडानेही काढलं नाहीस. सगळ्यांचं लक्ष जाताना असतं; घात होतो तो येताना. दोन रात्रींची अपुरी झोप, दुपारचं जड जेवण, रविवारी पुण्याकडे लागलेली गाड्यांची रांग, आणि सोमवारी नऊची मीटिंग डोक्यात. अशा वेळी माणूस चुकीच्या ठिकाणी ओव्हरटेक करतो. तू शांत स्वभावाचा आहेस, तरीही करशील.

बरं, ज्यासाठी एवढा आटापिटा, ते तरी नीट पाहिलंस का? पोराला सिंधुदुर्ग किल्ला दाखवायचाय म्हणालास. पावसाळ्यात मालवणहून किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. खवळलेल्या समुद्रात कोण नेणार? तारकर्लीचे पाण्यातले खेळही तेव्हा बंद. म्हणजे महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेला तो किल्ला तुझा मुलगा मालवणच्या धक्क्यावरून, पावसाच्या पडद्याआडून बघणार. फोटो मात्र निघेल. तो सोमवारी ऑफिसात दाखवता यावा म्हणून तर हे नाही ना? मला उत्तर नको, स्वतःला दे.

लांबच्या वाटेला माझा विरोध नाही. चार-पाच दिवस सलग हातात असतील तर जरूर जा. सकाळी उजाडल्यावर निघ, कोल्हापूरला मुक्काम कर, अंबाबाईचं दर्शन घे, दुसऱ्या दिवशी उन्हं असताना घाट उतर. आजारी माणसाला भेटायचं असेल तर दोन तासांसाठीही दहा तास जावं, तिथे मी हिशेब मांडू देणार नाही. पण नुसती विश्रांती हवी असेल आणि दिवस दोनच असतील, तर एका बाजूचा प्रवास तीन तासांच्या वर जाऊ द्यायचा नाही. माझ्या घरात हाच नियम होता आणि मुलं त्यावर रुसायचीही.

तीन तासांत काय आहे म्हणतोस? वाई आहे, दोन-अडीच तासांवर. शनिवारी नाश्ता करून निघालास तरी दुपारचं जेवण कृष्णेकाठी होईल. ढोल्या गणपती बघ. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि तिथल्या घाटावर टांगलेली ती मोठी घंटा वसईच्या स्वारीतून आलेली. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, ती गोष्ट पोराला तिथेच उभं राहून सांग. आईला घाटाच्या पायऱ्या उतरायला लावू नकोस, वाड्याजवळ सावलीत बसू दे. रविवारी अंधार पडायच्या आत घरी. तारकर्लीला डिसेंबरात जा, रजा टाकून.

आज रात्री जेवणं झाली की आईजवळ बस आणि तिला कुठे जावंसं वाटतं ते विचार. पहिल्यांदा ती ‘तुम्ही न्याल तिथे’ म्हणेल. पुन्हा विचार. आणि खोलीचं बुकिंग रद्द केलं तर किती पैसे कापले जातात, ते मला सांगायला येऊ नकोस.