वर्दी उतरवल्यानंतर

गुरुवारची रात्र आहे. उद्या-परवा सुट्टी. मुलं झोपली आहेत, ओटा आवरून झालाय आणि अमवाजच्या तुमच्या फ्लॅटमध्ये तुम्ही एक थ्रिलर लावून बसला आहात. कथा तुम्हाला पाठ आहे. पोलीस खात्यातून बाहेर पडलेला, किंवा बाहेर काढला गेलेला, एक अधिकारी असतो. ड्रग्जवाल्यांनी त्याच्या घरातलं कुणीतरी मारलेलं असतं. तो जुने दोन-तीन सहकारी गोळा करतो. वॉरंट, पंचनामा, कोर्टाची तारीख ही कटकट आता त्यांच्यामागे नसते. मग दोन तास माणसं पटापट मरतात आणि आपल्याला बरं वाटतं.

हे बरं वाटणं जरा तपासून पाहू या. सिनेमाला नावं ठेवायची नाहीत. मीही हे सिनेमे पाहतो आणि पुढेही पाहणार आहे. 'अब तक छप्पन'च्या २०१५ सालच्या दुसऱ्या भागात नाना पाटेकरांचा साधू आगाशे नोकरीपासून दूर गोव्यात राहत असतो आणि त्याला परत बोलावलं जातं. २०२२ च्या 'विक्रम'मध्ये कमल हासनचा उतारवयाचा माजी अधिकारी जुन्या साथीदारांना घेऊन ड्रग्जच्या टोळीवर तुटून पडतो. दोन्हींत मजा आहे. पण वर्दी उतरवल्यावर माणसाकडे त्यातलं काय शिल्लक राहतं? अनुभव राहतो, खबरे राहतात, नेम राहतो. दुसऱ्याला गुन्हेगार ठरवून शिक्षा करण्याचा हक्कही राहतो का?

तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. मेफेड्रोन, म्हणजे ज्याला गल्लीत एमडी किंवा म्याव म्याव म्हणतात ते, अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं तेच मुळी फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर ते शाळा-कॉलेजांच्या आसपास पोहोचलंही होतं. २०२३ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला एक आरोपी आजारपणाच्या नावाखाली पुण्याच्या ससून रुग्णालयात महिनोन् महिने मुक्काम ठोकून राहिला आणि २ ऑक्टोबरला तिथूनच पळाला. नाशिकजवळ शिंदे गावातला कारखाना मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी शोधून काढला, तेव्हा नाशिकचे लोक विचारत होते की आमचे पोलीस काय करत होते. अशा बातम्या मनामा-मुहर्रकमध्ये बसून वाचल्या की 'यांना सरळ उडवायला पाहिजे' हे वाक्य आपसूक तोंडात येतं. ज्यांच्या घरातला मुलगा या पुडीपायी गेला, त्यांच्या तोंडी ते आलं तर मी त्यांच्याशी वादही घालणार नाही.

पण सिनेमात एक सोय असते, ती आपल्या लक्षात येत नाही. खलनायकाला माल भरताना आपण पाहिलेलं असतं. कॅमेरा आधीच गोदामात जाऊन आलेला असतो. त्यामुळे नायक गोळी झाडतो तेव्हा पुराव्याचा प्रश्न आपल्या मनात उठतच नाही. आपणच साक्षीदार असतो. प्रत्यक्षात असा कॅमेरा कुणाकडे नसतो. वर्दीतल्या पोलिसाकडे नसतो आणि वर्दी उतरवलेल्याकडे तर नसतोच.

आपल्या आखातातलंच उदाहरण घ्या. जुलै २०१९ मध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं दोह्याच्या हमद विमानतळावर उतरलं. त्यांच्या सामानात चार किलोंहून अधिक चरस सापडलं. बायको गरोदर होती. सहलीचा खर्च नवऱ्याच्या आत्याने केला होता, लग्नानंतरची भेट म्हणून. ओळखीच्यांना द्यायचं एक पाकीटही आत्यानेच सोबत दिलं होतं. कतारच्या न्यायालयाने दोघांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. तिथल्या कोर्टाला तरी काय दिसत होतं? बॅग त्यांची, चरस बॅगेत. सिनेमातल्या माजी अधिकाऱ्याला यापेक्षा जास्त काय लागतं?

इकडे मुंबईत मुलीच्या घरच्यांनी धावपळ सुरू केली. फोनवरचं बोलणं रेकॉर्ड झालेलं होतं, ते त्यांनी नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोपुढे ठेवलं. ब्युरोने तपास केला, आत्याला आणि तिच्या साथीदाराला पकडलं, आणि ती कागदपत्रं राजनैतिक मार्गाने दोह्याला पोहोचली. दरम्यान तुरुंगात मुलगी जन्मली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या वरच्या न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं, मार्चअखेर दोघं निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये वर्षाच्या लेकीला घेऊन मुंबईला आले. या गोष्टीवर थ्रिलर निघणार नाही. अर्ज, भाषांतरं, शिक्के, मंत्रालयांची पत्रं यांत पावणेदोन वर्षं गेली. पण ही माणसं जिवंत होती, म्हणून चूक दुरुस्त करता आली.

आता स्वतःकडे पाहा. तुमच्या बाल्कनीतून मुहर्रकला उतरणारी विमानं दिसत असतील. त्यातल्या कितीतरी बॅगांमध्ये कुणाच्या तरी मावशीने दिलेलं पार्सल असतं. चकली, मेतकूट, औषधांची पट्टी, 'फक्त अर्धा किलो आहे हो'. आपण सगळ्यांनी कधी ना कधी दुसऱ्याचं पुडकं न उघडता आणलेलं आहे, कारण उघडून बघणं म्हणजे अविश्वास दाखवणं. २०२३ मध्ये मुंबईच्या एका अभिनेत्रीला असंच एका ट्रॉफीत अमली पदार्थ लपवून शारजाला पाठवलं गेलं. सूड उगवायचा होता कुणाला तरी. तिला तीन आठवड्यांहून जास्त काळ तुरुंगात काढावा लागला आणि मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने कट उघड केल्यावर ती सुटली. थ्रिलर बघताना आपण स्वतःला नायकाच्या बाजूला बसवतो. बॅग धरून रांगेत उभं राहिलेल्या माणसाच्या जागी बसवून पाहावं.

तुम्ही म्हणाल, आखातात कायदा कडक आहे म्हणून तर आपण निर्धास्त राहतो. खरं आहे. पण तो कायदा आहे. त्यात अटक आहे, प्रयोगशाळा आहे, वरचं न्यायालय आहे. समुद्रावरचा पूल ओलांडून पलीकडे सौदीत अशा गुन्ह्यांसाठी फाशीही होते, आणि दोह्याची गोष्ट कळल्यापासून मला त्या एका भागाबद्दल शांत राहता येत नाही.

कायदा बाजूला ठेवून पाहायचं असेल, तर तो प्रयोग फिलिपीन्समध्ये होऊन गेला आहे. रॉड्रिगो दुतेर्ते २०१६ मध्ये अध्यक्ष झाले ते हेच आश्वासन देऊन. सरकारी आकड्यांनुसारच पोलिसी कारवायांत सहा हजारांहून अधिक माणसं मेली. २०१७ मध्ये कालोकान शहरात सतरा वर्षांच्या एका मुलाला पोलिसांनी मारलं. त्याने आधी गोळीबार केला असं ते म्हणाले, पण पोलीस त्याला धरून फरफटत नेताना सीसीटीव्हीत दिसले होते. कॅमेरा होता, पण या वेळी तो उलट्या बाजूने साक्ष देत होता. तिघा पोलिसांना शिक्षा झाली. मार्च २०२५ मध्ये दुतेर्तेंना अटक होऊन हेगला नेण्यात आलं. अमवाजच्या कॉफीशॉपमध्ये तुमची ऑर्डर घेणाऱ्या फिलिपिनो मुलीला याबद्दल विचारलंत तर ती कदाचित दुतेर्तेंची बाजूही घेईल. तिथे ते अजून लोकप्रिय आहेत. बरं वाटणं ही भावना आपल्यापुरती नाही.

आणि खात्यातली माणसं? साजी मोहन हे चंदीगडला नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोचे विभागीय संचालक होते. जानेवारी २००९ मध्ये महाराष्ट्राच्या एटीएसने त्यांना मुंबईत हेरॉइनसह पकडलं, आणि २०१९ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा दिली. सगळं ज्ञान, सगळे खबरे, सगळा अनुभव त्यांच्याकडे होता. चकमकफेम प्रदीप शर्मांना २००६ च्या बनावट चकमकीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये जन्मठेप सुनावली. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुंबईच्या एका हवालदाराच्या सातारा जिल्ह्यातल्या घरात २०१५ मध्ये शंभर किलोहून अधिक एमडी सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली होती. पुढे एका प्रयोगशाळेने सांगितलं की ते अजिनोमोटो आहे. हसू येतं, पण ती पावडर चायनीजच्या गाडीवरची आहे हे प्रयोगशाळेशिवाय कळलं कसं असतं?

अधिकार माणसाचा नसतो, जागेचा असतो. जागेबरोबर दप्तर येतं, वरिष्ठ येतात, उलटतपासणी येते. सिनेमातला नायक जागा टाकतो, अधिकार मात्र खिशात घालून निघतो. रामशास्त्री प्रभुण्यांनी याच्या नेमकं उलट केलं. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणं सोडून वाईजवळ जाऊन राहिले. खुनी कोण हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी गावी जाऊन त्यांनी माणसं जमवली नाहीत. राघोबादादांना हटवण्याचं काम बारभाईंनी केलं, आणि त्यानंतर शास्त्रीबुवा बोलावणं आल्यावर न्यायाच्या जागेवर परत बसले. आपल्या नाटकांनी त्यांचा तो एक करारी प्रवेश उचलला. मधले गावाकडचे महिने कुणी रंगवले नाहीत.

तुमच्या ओळखीत मुलाकडे दोन-तीन महिन्यांसाठी आलेले एखादे निवृत्त फौजदार आजोबा असतील. संध्याकाळी ते लगूनच्या कडेने फेऱ्या मारताना दिसतात. त्यांना एकदा विचारून बघा, की ज्याच्याबद्दल पक्की खात्री होती असा माणूस नंतर निर्दोष निघाला, असं नोकरीत किती वेळा झालं. घाई करू नका. आधी ते दुसऱ्याच एखाद्या केसची गोष्ट सांगतील.