हेर कोणाचा?

आणीबाणीच्या दिवसांत टावर चौकात संध्याकाळी चार ओळखीची माणसे बोलत उभी राहिली, की जवळ येऊन थांबणारा पाचवा कोण, याकडे आधी लक्ष जाई. बहुधा तो एखादा निरुपद्रवी गृहस्थच असे. तरीही बोलणे पाऊसपाण्यावर येई. आमच्याकडील वडीलधारी मंडळी ही आठवण हसत सांगत. मला मात्र त्या हसण्याआडचा प्रश्न अस्वस्थ करीत आला आहे. तो पाचवा खरोखरच गुप्त बातमीदार असता, तर तो कोणाचा माणूस? राज्याचा, की राज्य करणाऱ्यांचा?

जुन्या काळी हा भेद नव्हता. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत दत्ताजी त्रिंबक यांच्याकडे वाकनिशी होती. राजाची दिनचर्या आणि राज्यातील खबरबात, दोन्ही एकाच प्रधानाकडे. राजा हेच राज्य होते. कौटिल्य मात्र अधिक सावध. एकमेकांस न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळली तरच ती ग्राह्य मानावी, असे तो सांगतो. ऐकणाऱ्याची मर्जी कळली की बातमीही तिकडेच वळते, हे त्याने पुरते ओळखले असावे.

लोकशाहीत राज्यकर्ते पाच वर्षांचे, राज्य कायमचे. हेरखाते मात्र आपण जुन्याच रीतीने चालविले. इंटेलिजन्स ब्यूरोचा उगम १८८७ चा, परक्या सरकारच्या गरजेतला; स्वातंत्र्यानंतरही त्याचे अधिकार आणि मर्यादा सांगणारा कायदा संसदेने केलेला नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी तसे खाजगी विधेयक मांडले, पण कायदा झाला नाही.

याचे फळ शाह आयोगाच्या १९७८ च्या अहवालात दिसते. आणीबाणी पुकारावी इतकी अंतर्गत परिस्थिती बिघडल्याचा अहवाल या खात्याने गृहमंत्रालयास दिलेलाच नव्हता, असे आयोगास आढळले. निर्णयाच्या वेळी ज्याला कोणी विचारले नाही, तेच खाते राजकीय विरोधकांवर नजर ठेवण्यास मात्र उपयोगी पडले.

ही गोष्ट एका पक्षाची किंवा एका काळाची नव्हे. २०२१ मध्ये नाना पटोले यांनी महाराष्ट्र विधानसभेत आरोप केला, की आपला दूरध्वनी ‘अमजद खान’ या नावाखाली चोरून ऐकला गेला. पुढे अशा प्रकरणांत गुन्हे नोंदले गेले, सरकार बदलले, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कोण दोषी, हे ठरविणे आपले काम नाही. पण आरोप खरा धरला, तर ते खोटे नावच बोलके आहे. खऱ्या नावाने परवानगी मागण्यास कारण नाही, हे मागणाऱ्याला ठाऊक होते!

मग हे खाते सरकारपासून सर्वस्वी मुक्त करावे काय? मला तसे वाटत नाही. कोणालाच उत्तर न देणारा हेर मंत्र्याच्या हेरापेक्षा भयंकर. नियंत्रण हवेच, ते एकाच हातात नको. अमेरिकेत १९७५ च्या चर्च समितीनंतर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी गुप्तचर संस्थांवर स्थायी समित्या नेमल्या. त्यांतही राजकारणीच असतात, हा आक्षेप खरा; पण तेथे विरोधी पक्षही बसतो, आणि दोन प्रतिस्पर्ध्यांच्या डोळ्यांदेखत एकाचे काम करणे कठीण जाते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दूरध्वनी ऐकण्याच्या आदेशांवर पुनर्विलोकन समिती नेमली. केंद्रात तिचे तिन्ही सदस्य सरकारचेच सचिव. त्यांत एक निवृत्त न्यायाधीश आणि विरोधी पक्षाचा एक प्रतिनिधी घेण्यास फार मोठी क्रांती लागत नाही. मात्र तेवढ्यानेही भागेल असे नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये नमूद केले, की ही समिती दोन महिन्यांतून एकदा भरते आणि एकेका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश तिच्यापुढे येतात.