सूक्ष्म धर्म आणि शेजारचं घर

आजचं चिंतन सभापर्वातलं.

द्रौपदीने भर सभेत विचारलं, आधी स्वतःला हरलेला पती मला पणाला लावू शकतो का? भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे. अन्याय तर डोळ्यांसमोर चालला होता! धृतराष्ट्राच्या मुलांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलला.

भिंतीपलीकडून मारहाण ऐकू येते, तेव्हा 'त्यांचं घरगुती आहे' हा आपला सूक्ष्म धर्म. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही. जीवाला धोका असेल तर लगेच ११२. एरवी ती एकटी भेटली की विचारावं, "ताई, तुला काय हवंय?" आणि तिचं ऐकावं. सल्ला नंतर.

विकर्णाने द्यूत थांबवलं नाही. पण तो गप्प बसला नाही. एवढं तर आपल्यालाही जमेल.