न बदललेल्या केबलचा प्रत्यवाय

गडबच्या आसपास मुंबई-गोवा महामार्गावर सायकल चालवणाऱ्याला पावसाळा वरून आणि खालून असा दोन्हीकडून गाठतो. त्यात धरमतरच्या खाडीवरची खारी हवा बारा महिने असतेच. पाणी, चिखल आणि मीठ या तिघांचा पहिला बळी म्हणजे गिअरची केबल. जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीची, पोलादी तारा पिळून केलेली ही दोरी ज्या नळीतून जाते तिला दुकानात आउटर म्हणतात. त्यात शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही. पावसाळा सरता सरता दसरा येतो आणि याच सायकलच्या हॅन्डलला झेंडूची माळ चढते. आतली केबल गंजलेली ठेवून घातलेल्या या माळेला पूजा म्हणावं का? भाव महत्त्वाचा, असं उत्तर चटकन दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं.

आपल्या परंपरेत कर्मांची एक जुनी विभागणी आहे. फळ हवं म्हणून करायचं ते काम्य. रोजच्या संध्येसारखं ते नित्य. ग्रहणातल्या स्नानासारखं प्रसंगाने येणारं ते नैमित्तिक. मागच्या दोन्हींबद्दल रूढ मत असं की केल्याने पदरात वेगळं काही पडत नाही, पण टाळलं तर दोष लागतो. त्या दोषाला प्रत्यवाय म्हणतात. केबल बदलणं हे याच जातीचं काम आहे. नव्या केबलने सायकल जास्त पळत नाही. होती तशी होते, इतकंच. आठ गिअरच्या शिमानो रचनेत एका टिचकीला केबल सुमारे २.८ मिलिमीटर सरकते. गंजाने ती अर्धा मिलिमीटर जरी अडली, तरी साखळी दोन चक्रांच्या मध्ये कुरकुरू लागते. पुढचा दोष तर दिसतही नाही. शिफ्टरच्या, म्हणजे हॅन्डलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याच्या, पोटात, टोकाच्या मण्यापाशी, जिथे तार सर्वांत जास्त वाकते तिथे एकेक धागा तुटत जातो. शेवटचा तुटला की बहुतेक सायकलींत मागच्या डिरेलरची, म्हणजे साखळी सरकवणाऱ्या यंत्राची, स्प्रिंग साखळीला सर्वांत लहान चक्रावर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर नेऊन टाकते. अलिबागकडे निघालेल्याला हे कार्लेखिंडीच्या चढावर कळलं, तर प्रत्यवाय गुडघ्यांना समजतो.

यावर खरा आक्षेप शंकराचार्यांचा आहे, आणि तो कठीण आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायावरच्या भाष्यात ते विचारतात की न करणं हा नुसता अभाव; मग अभावातून दोषासारखी भावरूप गोष्ट कशी उपजेल? तर्क बिनतोड आहे, पण तो केबलला लावताना एक गोष्ट निसटते. माणूस काही करत नाही तेव्हा सगळंच थांबलेलं नसतं. मीठ, पाणी आणि घर्षण यांचं काम चालूच असतं. दोष अभावातून येत नाही; त्या तिघांच्या कामातून येतो, आणि त्याला आडवं जाणारं काम आपण केलेलं नसतं. शंकराचार्यांची अडचण याने सुटली असं मी म्हणणार नाही, कारण ते मोक्षाबद्दल बोलत होते. पण यंत्राच्या बाबतीत तरी ‘मी काहीच केलं नाही’ ही सबब उरत नाही.

‘चालतंय तोवर चालू द्या, चांगली वस्तू का फेकायची?’ हा दुसरा आक्षेप काटकसरीचा, आणि आपल्याकडे काटकसरीला धर्माइतकाच मान आहे. पण केबल ही झिजण्यासाठीच केलेली स्वस्त वस्तू आहे. तिचे तुटके धागे शिफ्टरच्या दात्यांत अडकले की कधी कधी अख्खा शिफ्टर बदलावा लागतो, म्हणजे काटकसरच महागात पडते.

काम कसं करावं यालाही शिस्त आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा पाचवा अध्याय कोणत्या कृतीनंतर कोणती, या क्रमालाच वाहिलेला आहे. त्याची किंमत केबल कापताना कळते. आधी आउटर मापाने कापायचा: आखूड झाला तर हॅन्डल वळवताना ताणतो, लांब राहिला तर घर्षण वाढवतो. कापलेलं तोंड सपाट करायचं, आतलं दबलेलं अस्तर टोच्याने उघडायचं. मग तार ओवायची, कसायची, गिअर वरखाली करून बसू द्यायची, जुळवायची. जास्तीची तार छाटायची ती सर्वांत शेवटी, तीनचार सेंटिमीटर ठेवून, आणि लगेच टोकाला टोपी दाबायची. नाहीतर पीळ सुटतो. बाकीचं बहुतेक पुन्हा करता येतं, छाटलेली तार जोडता येत नाही.

राहिला भावाचा मुद्दा. खंडेनवमीला शस्त्रं पुजत, दसऱ्याला सीमोल्लंघन होई आणि त्यानंतर मोहिमा निघत. चार महिन्यांचा गंज तसाच ठेवून फुलं वाहणाऱ्याचा भाव त्याला रणात फारसा उपयोगी पडला नसता. आणि हे गिअरच्या सायकलींपुरतंच नाही. जुन्या काळ्या सायकलींना सळ्यांचे ब्रेक असतात, त्यांची गोष्ट निराळी. पण बाकी बहुतेक साध्या सायकलींना ब्रेकची वायर असतेच, आणि तिचा प्रत्यवाय चालवणाऱ्याइतकाच समोरून रस्ता ओलांडणाऱ्यालाही लागतो.