घाट कोणी चढला?

यंदा आषाढी झाल्यावर सायकलने पंढरपूरला जाऊन आलेले तिघे तरुण मजकडे आले. म्हणाले, “महाराज, दिवेघाटात दम संपला. सायकली टेम्पोत टाकल्या आणि वर जाऊन उतरलो. आमची वारी मोडली का?” मी म्हटले, “अरे, वारी ही भेट आहे, पैज नव्हे. म्हातारी माणसे यष्टीने येतात, त्यांना पाहून पांडुरंग काय दार लावून घेतो?” पोरे समाधानाने गेली. माझे समाधान मात्र त्यांच्याबरोबरच गेले. कारण त्यांनी न विचारता खरे सांगितले होते, आणि मला एकदा विचारूनही सांगता आले नव्हते.

ही गोष्ट १९८४ च्या मार्गशीर्षातली. मी तेव्हा पंचविशीच्या आत होतो. पाचगणीच्या अलीकडे एका वाडीत गीताजयंतीचे कीर्तन ठरले होते. यष्टीला पैसे नव्हते असे नाही. पण पुण्याहून सायकलने जावे अशी हौस होती, आणि आज लपवून काय करू, लोकांनी तसे म्हणावे अशीही हौस होती. काळी, बिनगियरची, जड सायकल. मागे कॅरिअरवर धोतरजोडी, टाळ आणि ज्ञानेश्वरीची पोथी बांधलेली.

पहाटे चारला निघालो. कात्रजच्या जुन्या बोगद्यातून पलीकडे गेलो तेव्हा उजाडत होते. उतार लागला, पाय स्थिर झाले, मागल्या चाकाची कटकट तेवढी ऐकू येत होती आणि थंडीने डोळ्यांतून पाणी वाहत होते. उतारावर माणूस देवाचे आभार मानतो, चढावर स्वतःचे पाय मोजतो. सज्जनहो, ही माझीच परीक्षा आहे, दुसऱ्या कोणाची नव्हे. नीरेचा पूल ओलांडून शिरवळला भाकरी खाल्ली. हीच नीरा पुढे माउलींच्या पादुकांना स्नान घालते, म्हणून पुलावर हात जोडले होते. खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता. तो घाट निम्मा बसून आणि निम्मा सायकल हाताने ढकलीत काढला. सुरूर फाट्याला वळून दुपारी वाईस पोहोचलो. कृष्णेवर पाय धुतले, थोडा पडलो आणि पसरणीचा घाट धरला.

पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचे गाव. तेथून रस्ता डोंगराला लागतो. वाई ते पाचगणी अंतर बारा-तेरा किलोमीटर, पण तेवढ्यात साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढायची. अंगात शंभराच्या जवळपास किलोमीटर मुरलेले. दोन वळणे बसून काढली, मग उतरलो, ढकलीत चाललो. खाली कृष्णेचे खोरे उन्हात पसरलेले, पण पाहायला मान वर होईना. तेवढ्यात मागून एक भरलेला ट्रक कण्हत कण्हत आला. माझ्यापेक्षा थोडाच वेगात होता. मी सायकलवर बसलो आणि त्याच्या मागल्या फाळक्याची लोंबती साखळी डाव्या हाताने धरली. फार धोक्याचे काम, कोणी करू नये. पण धरली खरी, आणि जवळजवळ माथा येईपर्यंत सोडली नाही.

वाडीत पोहोचलो तो बातमी आधीच पसरली होती, ‘महाराज पुण्याहून सायकल मारीत आले.’ लोक पाया पडू लागले. रात्री कीर्तनाच्या आधी घरची आजी तेलाची वाटी घेऊन माझ्या पायांशी बसली. मी नको नको म्हणतो आहे, ती पोटऱ्या चोळते आहे. चोळता चोळता म्हणाली, “घाट समदा पायांनीच काढलास का रं, बाबा?”

मी म्हटले, “आजी, करणारा मी कोण? पांडुरंगाने आणले.”

झाले! मंडळी गहिवरली. सायकलीपेक्षा या उत्तराचेच कौतुक जास्त झाले. पुढे कीर्तनात मी अठराव्या अध्यायातील कर्माची पाच कारणे मांडली : अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना चेष्टा आणि पाचवे दैव. यात एकट्या आपल्यालाच कर्ता समजणारा दुर्मति होय, हे सांगताना दृष्टांत सायकलीचाच दिला. देह अधिष्ठान, सायकल करण, पाय मारणे ही चेष्टा. दैवापाशी आलो आणि ट्रक ओठांवर येऊन परत गेला.

आता विचार करा. ‘पांडुरंगाने आणले’ हे वाक्य खोटे होते काय? सिद्धांताने तर अक्षरशः खरे. मग ते मनाला टोचते का? योगसूत्रांवरील भाष्यात व्यासांनी सत्याचा विचार फार बारकाईने केला आहे. आपल्या मनातले ज्ञान दुसऱ्याच्या मनात पोहोचविण्यासाठी वाणी असते. ती फसविणारी निघाली तर शब्द बरोबर असूनही ते सत्य नव्हे. वाचस्पतिमिश्र तेथे अश्वत्थाम्याचेच उदाहरण घेतात. धर्मराजाने उच्चारलेला शब्द खरा होता, द्रोणांच्या मनात उतरले ते खोटे होते. आजीने विचारले होते घाटाबद्दल. मी उत्तर दिले ब्रह्माबद्दल. तिच्या मनात जे उतरले ते मला ठाऊक होते आणि मला तेच हवे होते.

अकर्तेपणाची भाषा आपल्या संप्रदायात सगळ्यांच्या तोंडी असते, असावीही. पण ती ‘मी’ गाळण्यासाठी आहे. मी तिच्या आडून ट्रक गाळला आणि ‘मी’ तेवढा शिल्लक ठेवला! कोणी म्हणेल, बुवा, एवढ्याशा साखळीचा केवढा हा कीस. असेल. पण अहो, जो मनुष्य कीर्तनात उभा राहून लोकांच्या मनात शब्द घालतो, त्याची साखळी लहान कशी म्हणू?

चार वर्षांनी पुन्हा त्या वाडीत जाण्याचा योग आला. या खेपेस यष्टीने गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो, पण आजी राहिली नव्हती. तिच्या मुलाला ओसरीवर बसवून सगळे सांगितले. तो आधी गप्प राहिला, मग हसला. म्हणाला, “महाराज, त्या घाटात आम्ही समदी पोरं ट्रकची साखळी धरूनच वर यायचो. आजीला ते ठावं होतं. म्हणून तर तिनं विचारलं.”